मेटलर्जी मिळालीय, घेऊ का?

दरवर्षी सीईटीच्या कॅप राउंडच्या याद्या लागल्या की मला ओळखीच्या-बिनओळखीच्या घरांतून फोन येऊ लागतात. मिरज, इचलकरंजी, सातारा, कधी बीड, कधी मालेगाव. प्रश्न एकच असतो. 'कॉम्प्युटरला नंबर लागला नाही, मेटलर्जी मिळालीय. घेऊ का? की एखाद्या खासगी कॉलेजात जास्त फी भरून कॉम्प्युटरच बघू?' फोन बहुतेक वेळा वडिलांचा, नाहीतर मामूंचा असतो. ज्याला चार वर्षं शिकायचं आहे ते पोर मागे उभं असतं, पण फोनवर येत नाही.

मी नव्वदच्या दशकात मेटलर्जीत बी.ई. केलं. गेली वीसेक वर्षं कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत धातू तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. त्यामुळे 'याला ठाऊक असेल' असं लोक धरून चालतात. फोनवर पाच मिनिटांत जे सांगता येत नाही, ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही शाखा 'काहीच मिळालं नाही म्हणून घेतली' अशा भावनेनं घेऊ नका; विचार करून, मागून घ्या. महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या पोटापाण्याचा जितका संबंध लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच आणि भंगार यांच्याशी आहे, तितका इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या क्वचितच कुठल्या शाखेशी असेल. आणि नेमक्या याच विषयाच्या वर्गात आपली मुलं दिसत नाहीत. माझ्या वर्गात मी एकटा होतो.

हा विषय आहे तरी काय?

पूर्वी या शाखेचं नाव नुसतं मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र होतं. आता बहुतेक ठिकाणी 'मेटलर्जी अँड मटेरियल्स' किंवा 'मटेरियल्स इंजिनिअरिंग' असं लिहितात, कारण धातूंबरोबर सिरॅमिक, पॉलिमर, काँपोझिट आणि सेमीकंडक्टर हेही त्यात आले. राज्यात ती शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, मुंबईची आयआयटी ही त्यांतली मोठी नावं.

पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच जातं. गणित, भौतिक, रसायन, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. खरा विषय दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. तिथे एक तक्ता भेटतो, लोह आणि कार्बनचा. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला कार्बनचं प्रमाण. शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात जेमतेम पाऊण टक्का कार्बन गेला की त्याच लोखंडाची रेल्वेची रूळपट्टी किंवा छिन्नी होऊ शकते. दोन टक्क्यांच्या वर गेला की ते बीड होतं. साच्यात छान ओतता येतं, पण घणाखाली फुटतं. ७२७ अंश सेल्सिअस हे त्या तक्त्यातलं असं तापमान आहे, की ते ओलांडताना घन पोलादाच्या आतली अणूंची मांडणीच बदलते. वरून बघणाऱ्याला फक्त लाल लोखंड दिसतं. आतलं घर मोडून नवं घर उभं राहत असतं.

हे खरं वाटावं म्हणून मायक्रोस्कोप असतो. पोलादाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, पॉलिश पेपरवर घासायचा, आधी जाड मग बारीक, प्रत्येक वेळी दिशा बदलून. शेवटी मखमली कापडावर आरसा होईपर्यंत. मग स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड घातलेल्या द्रावणात काही सेकंद बुडवायचा. आता भिंगाखाली बघा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी दिसते, शिंपल्याच्या आतल्या चकाकीसारखी. म्हणूनच तिचं नाव पर्लाइट. पहिल्या दहा वेळा आमच्या तुकड्यांवर ओरखड्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. घासून घासून बोटांची कातडी जायची. पण एकदा दिसलं की तो विद्यार्थी पुन्हा कुठल्याही लोखंडी वस्तूकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही.

पुढे धातू ताणून तोडायचा, हातोड्याच्या एका फटक्यात मोडायचा, हिऱ्याच्या टोकानं दाबून त्याची कठीणता मोजायची. खनिजातून धातू काढताना किती उष्णता लागते याचं गणित. एक्स-रे टाकून अणूंमधलं अंतर मोजणं. गंज का चढतो, आणि तो थांबवायचा कसा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सत्तावीसशेहून जास्त 'लिबर्टी' जहाजं वेल्डिंग करून झपाट्यानं बांधली. त्यांतल्या अनेकांना तडे गेले, काही तर थंड पाण्यात अक्षरशः दोन तुकडे झाली. तेच पोलाद उबेत वाकायचं आणि थंडीत काचेसारखं फुटायचं. १९५४ साली 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी विमानं हवेतच फुटली. पत्रा एका झटक्यात तुटला नव्हता. प्रत्येक उड्डाणात आतला हवेचा दाब चढला-उतरला आणि पत्रा हळूहळू थकत गेला. धातूही थकतो, हे वाक्य कवितेतलं नाही, आमच्या तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातलं आहे.

लोहाराचं ज्ञान आणि आपली लाज

फोनवर दुसरं एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'चार साल पढके लोहारच बनना है क्या?' बोलणारा बहुतेक वेळा स्वतः कारागीर घराण्यातला असतो. शिकलगार, लोहार, पिंजारी, मणियार. मुलानं हात काळे करू नयेत एवढीच त्याची इच्छा असते. त्यात चूक काही नाही. पिढ्यान् पिढ्या भट्टीपुढे बसलेल्या माणसाला आपल्या पोरानं एसीत बसावं असं वाटणारच.

पण लोहार काय करतो ते एकदा नीट बघू. तो विळा लाल करून पाण्यात बुडवतो. नुसतं तेवढंच केलं तर धार ठिसूळ होते, म्हणून पुन्हा हलका तापवतो आणि धारेवर चढणारा रंग बघत बसतो. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग आला की थांबवायचं. आम्ही पुस्तकात शिकलो की पिवळा साधारण सव्वादोनशे-अडीचशे अंशांवर येतो आणि निळा तीनशेच्या आसपास. लाल असताना बुडवल्यावर जी कठीण रचना तयार होते तिला मार्टेन्साइट म्हणतात, मार्टेन्स नावाच्या जर्मन संशोधकावरून. आमच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. आमच्या आजोबांचं नाही, कारण त्यांनी लिहून ठेवलं नाही, आणि ज्यांना लिहिता येत होतं ते भट्टीकडे फिरकले नाहीत.

भाषेत मात्र हे सगळं शिल्लक आहे. मराठीत आपण विळ्याला 'पाणी देतो' आणि माणसाला 'पाणीदार' म्हणतो. उर्दूत तेच पाणी 'आब' आहे आणि तलवार 'आबदार'. मराठीतलं पोलाद आणि उर्दूतलं फौलाद हा एकच फारसी शब्द. तलवारीच्या पात्यावर जी लाटांसारखी नक्षी दिसते तिला उर्दूत जौहर म्हणतात. माणसाच्या अंगच्या गुणालाही तोच शब्द. म्हणजे शब्द आपण उचलले, ते घडवणाऱ्या हातांना मात्र बाजूला बसवलं. आपल्यातही अशराफ-अजलाफ असा भेद आहेच, तो नाकारून चालणार नाही. तलवार बांधणाऱ्याची इज्जत, ती घडवणाऱ्याला दुय्यम जागा. मेटलर्जीबद्दलचा आपला संकोच केवळ पगारातून आलेला नाही, त्यात हा जुना तिरस्कारही मुरलेला आहे.

गौरवगाथा पुरे

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपवरचे गौरवाचे मेसेज आहेत. दमास्कसची तलवार, मुसलमानांचं विज्ञान, वगैरे. ते वाचून छाती फुगते, पण त्यातली खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा जास्त रंजक आहे.

दमास्कसच्या नावानं गाजलेल्या तलवारींसाठी लागणारं उत्तम पोलाद मोठ्या प्रमाणात दक्षिण हिंदुस्थानातून जायचं. आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम हे त्याचं एक केंद्र. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कोळसा-पाला घालून तासन् तास तापवायचं आणि सावकाश थंड करायचं. इराणी व्यापारी तिथपर्यंत माल न्यायला येत. युरोपात त्याला 'वुट्झ' म्हणू लागले. मूळ शब्द कन्नड-तेलुगूतला उक्कू. मायकेल फॅरडेचं नाव आपण विजेसाठी ऐकतो, पण त्याच्या सुरुवातीच्या कामांत, १८१९ पासून पुढची काही वर्षं, या वुट्झची चिकित्सा आणि तसं पोलाद बनवण्याचे प्रयोग होते. २००६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा तपासला आणि त्यात कार्बनच्या नॅनोनलिका दिसल्याचं 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं.

आता या साखळीत कोण कुठे आहे ते बघा. पोलाद दख्खनच्या कारागिरांचं. व्यापार इराण्यांचा. कीर्ती दमास्कसची. प्रयोग लंडनमध्ये, नॅनोनलिका ड्रेस्डेनमध्ये. आपल्या वाट्याला मेसेज फॉरवर्ड करण्याचं काम.

असं नेहमीच नव्हतं. नवव्या शतकात अल-किंदीनं तलवारी आणि त्यांच्या पोलादाच्या प्रकारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. अकराव्या शतकात अल-बेरुनीनं धातू आणि रत्नं पाण्यात तोलून त्यांचं विशिष्ट गुरुत्व इतक्या काटेकोरपणे मोजलं, की त्याचे आकडे आजच्या आकड्यांच्या फार जवळ जातात. हे लोक तत्त्वज्ञ होते, दरबारी होते, तरी त्यांना हातातल्या धातूला प्रश्न विचारायची लाज वाटली नाही. आपल्या मातीतलंच उदाहरण हवं असेल तर विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ बघा. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, रूमी आडनावाच्या तुर्की ओतकाराच्या देखरेखीखाली. पुढे ती परांड्याहून विजापूरला गेली. तिचं वजन सुमारे पंचावन्न टन सांगतात. तांबं आणि कथील यांचा एवढा रस एका साच्यात, आत पोकळी न राहता उतरवणं म्हणजे काय, हे आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कुठल्याही मोल्डरला विचारा. आज दहा किलोच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल आलं तर माल परत येतो.

कुरआनात लोखंडाच्या नावाची, अल-हदीद नावाची एक पूर्ण सूरह आहे. काही वक्ते त्यावरून 'विज्ञानानं आज शोधलं ते आमच्याकडे आधीच होतं' असं सांगून टाळ्या घेतात. माझं म्हणणं साधं आहे. ज्या किताबानं लोखंडाचा उल्लेख त्यातल्या ताकदीसाठी आणि माणसांच्या फायद्यासाठी केला, ती मानणाऱ्यांनी तो फायदा कसा काढायचा ते शिकावं. टाळ्यांनी भट्टी पेटत नाही.

भंगारातलं शास्त्र

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो इतिहासाचा नाही, उद्याच्या भाकरीचा आहे.

कुर्ला, धारावी, भिवंडी, मालेगाव, मिरज, कुठेही जा. भंगाराच्या धंद्यात मोठ्या संख्येनं आपली माणसं आहेत. माझ्या एका चाचांचं भंगाराचं दुकान होतं. शाळा सातवीपर्यंत. ते ग्राइंडरवर तुकडा धरायचे आणि ठिणगी बघून सांगायचे, हे मऊ लोखंड, हे स्प्रिंगचं पोलाद, हे बीड. लांब पांढरी ठिणगी, टोकाला फुलं फुटतात ती जास्त कार्बनची. आखूड, मंद लाल ठिणगी बिडाची. स्टेनलेसची ठिणगी कमी आणि नारिंगी. मग खिशातला लोहचुंबक. आमच्या अभ्यासक्रमात हीच 'स्पार्क टेस्ट' एका प्रॅक्टिकलची होती, आणि तिथे मला जर्नल लिहायला लागलं तेव्हा मी चाचांचंच सांगणं शुद्ध भाषेत उतरवलं. तांब्याची स्वच्छ तार म्हणजे 'मिलबेरी' हे ते बोलता बोलता सांगायचे. जगभरच्या भंगार व्यापारात याच नावानं सौदे होतात. प्लास्टिकचंही तसंच. मालेगावात गिट्टी आणि दाणा बनवणारा कामगार तुकडा जाळून वासावरून पॉलिमर ओळखतो.

हे ज्ञान खरं आहे. पण त्याची किंमत फुप्फुसांनी आणि रक्तानं मोजली जाते. जुन्या बॅटऱ्या हातोडीनं फोडून शिसं वितळवायचं, घराच्या मागच्या अंगणात, लहान मुलं आसपास खेळत असताना. शिसं ३२७ अंशांवरच वितळतं, त्यामुळे साध्या चुलीवरही काम होतं. हीच त्यातली खरी धोक्याची गोष्ट आहे. त्याचा धूर आणि धूळ मुलांच्या मेंदूवर जो परिणाम करते तो परत फिरत नाही. वायरी जाळून तांबं काढायचं आणि प्लास्टिकचा विषारी धूर मोहल्ल्यात सोडायचा. ज्यांनी आयुष्यभर हे केलं त्यांचे खोकले मी घरात ऐकलेले आहेत.

आणि आता हा धंदाच बदलतो आहे. २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आलं, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. त्याच वर्षी ई-कचऱ्याचे नवे नियम निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. बॅटरी आणि ई-कचऱ्याच्या नियमांचा गाभा एक आहे. वस्तू बनवणाऱ्या कंपनीनं तिचा कचरा परत जिरवण्याची जबाबदारी घ्यायची, आणि ती पुरी झाल्याचा दाखला नोंदणीकृत रिसायकलरकडून घ्यायचा. म्हणजे ज्याच्याकडे नोंदणी, प्रदूषण मंडळाची परवानगी, तपासणीचे रिपोर्ट आणि कागद आहेत, त्याच्याकडे माल आणि पैसा जाणार. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. पण ज्यांनी तीन पिढ्या हा धंदा वाहिला त्यांचं काय?

दोनच शक्यता मला दिसतात. एक, मोठे कारखाने उभे राहतील, त्यांत इंजिनिअर बाहेरून येतील, आणि आपली मुलं गेटवर ट्रक रिकामे करतील. दोन, आपल्याच घरातली पोरं हे शास्त्र शिकून येतील. एका लिथियम बॅटरीतून कोबाल्ट, निकेल, लिथियम कसं वेगळं करायचं, स्पेक्ट्रोमीटरवर मिश्रधातूचं प्रमाण कसं वाचायचं, धूर कुठे अडवायचा, शिशाचं पाणी कुठे जिरवायचं, परवान्याचा अर्ज कसा भरायचा. चाचांना ठिणगी वाचता येते. त्यांच्या नातवाला ठिणगीसुद्धा वाचता यावी आणि रिपोर्टसुद्धा. हा दुसरा रस्ता आपोआप उघडणार नाही. त्यासाठी कुणीतरी कॅपच्या फॉर्मवर मेटलर्जी पहिल्या पाचांत लिहायला हवी.

नोकरीचं खरं चित्र

मी कुणाला स्वप्नं विकत नाही. कॅम्पसमध्ये कॉम्प्युटरवाल्यांना जे पॅकेज मिळतं ते स्टील प्लांट किंवा फाउंड्री सुरुवातीला देत नाही. कारखाने शहराबाहेर असतात. शिफ्ट असते, उष्णता असते, धूळ असते. चार वर्षांनंतर बरेच विद्यार्थी सॉफ्टवेअर कंपनीतच जातात, कारण त्या कंपन्या कुठल्याही शाखेची मुलं घेतात. म्हणजे 'मेटलर्जी घेतली तर सॉफ्टवेअरचा दरवाजा बंद' हा समज खरा नाही.

दुसरी बाजूही बघा. या विषयात मुलं कमी असतात, त्यामुळे गेट परीक्षेत त्याच्या वेगळ्या पेपरला तुलनेनं कमी जण बसतात. पोलाद आणि खाण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या, हैदराबादची संरक्षण धातू प्रयोगशाळा, जमशेदपूरची राष्ट्रीय धातू प्रयोगशाळा, कल्पाक्कम, तुर्भे, इस्रो, सगळीकडे या माणसांची गरज असते. विमानाच्या पात्यापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत आणि सोलर पॅनेलपासून मोबाइलच्या चिपपर्यंत, शेवटी प्रश्न 'हे कशाचं बनवायचं' इथेच येऊन थांबतो.

आपल्या प्रत्येक गुणगौरव समारंभात डॉ. कलामांचा फोटो असतो. त्यांच्या क्षेपणास्त्रांचं सगळे बोलतात. पण त्यांना स्वतःला ज्या कामाचं फार समाधान वाटलं ते त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. क्षेपणास्त्रासाठी बनवलेलं हलकं काँपोझिट वापरून पोलिओच्या मुलांच्या पायांना लावायचे कॅलिपर बनवले गेले, आणि काही किलोंचं वजन काहीशे ग्रॅमवर आलं. हे मटेरियल्स इंजिनिअरिंग आहे. फोटोला हार घालताना मुलांना हेही सांगा.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. 'फाउंड्रीत मुलगी काय करणार?' असं विचारतात. आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या आणि सही करणाऱ्यांत मुली आहेत, आणि तुटलेल्या पार्टचा रिपोर्ट त्या लिहितात तो कारखान्याचा मालक मुकाट्यानं वाचतो. संशोधनात, सिरॅमिकमध्ये, बायोमटेरियल्समध्ये त्यांना मोठा वाव आहे. घरातून दूर वसतिगृहात पाठवायची तयारी मात्र आई-बापांनी दाखवावी लागेल.

पैशाची अडचण खोटी नाही. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे पीएचडीपर्यंत जाऊ पाहणाऱ्या मुलांचा एक आधार गेला. राज्याच्या शिष्यवृत्त्या आणि फी सवलती आहेत, पण उत्पन्नाचे दाखले आणि जातीचे दाखले वेळेत नसले तर त्या हातातून जातात. आपल्या अनेक कारागीर जाती मागासवर्गीयांच्या यादीत आहेत आणि कितीतरी घरांना हे मुलगा बारावीला गेल्यावर कळतं. दाखला दहावीतच काढा.

सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहून ठेवलं, की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान असतो आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक. त्या आकड्यावर आपण अनेक परिसंवाद घेतले. तो आकडा परिसंवादानं हलत नाही. एकेका घरातल्या एकेका फॉर्मनं हलतो.

हे ज्ञान कुणाच्या बाजूनं उभं राहतं?

एक प्रसंग सांगतो, नावं न घेता. एका कारखान्यातून आमच्याकडे तुटलेला शाफ्ट आला. मालकाचं म्हणणं ठरलेलं होतं. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवरच्या पोरानं तापमान चुकवलं, त्याला काढून टाकतो, फक्त तुम्ही तसा रिपोर्ट द्या. भट्टीवरचं पोर आपलंच होतं, बावीस-तेवीस वर्षांचं, घरात कमावणारं एकटं. माझ्या जातीधर्माचा आहे म्हणून मी त्याला वाचवू शकत नव्हतो, आणि वाचवायलाही नको होतं. आम्ही शाफ्ट कापला, कठीणता मोजली, रचना बघितली. सगळं जसं हवं तसं होतं. तुटलेल्या तोंडावर मात्र किनाऱ्यावर लाटांच्या रेषा उमटतात तशा गोल रेषा होत्या, आणि त्या सगळ्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवत होत्या. तिथे मशीनिंग करताना गोलाई ठेवायच्या जागी टोकदार खाच राहिली होती. शाफ्ट त्या खाचेपासून थकत थकत गेला होता. तसं आम्ही लिहिलं, फोटोसह. पोराची नोकरी राहिली.

तिथे माझ्याऐवजी दुसरा कुणी प्रामाणिक इंजिनिअर असता तरी हेच लिहिलं असतं. म्हणूनच मला या विद्येचा आदर वाटतो. संशय कुणावर घ्यायचा हे आधी ठरवून बसलेल्या जगात, तुटलेल्या तुकड्याला विचारण्याची एक पद्धत आहे आणि ती कुणालाही शिकता येते. ज्या समाजावर आरोप लवकर येतात, त्याच्या मुलांनी पुरावा वाचायची ही विद्या इतरांच्या आधी शिकायला हवी.

काय करता येईल?

मोहल्ल्यातल्या शिक्षण कमिट्यांना माझी विनंती आहे. दहावी-बारावीच्या सत्कारात ट्रॉफी आणि डिक्शनरी देण्यापेक्षा त्या मुलांची एक बस भरा आणि जवळच्या फाउंड्रीत, स्टील प्लांटमध्ये, नाहीतर सरकारी कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये घेऊन जा. वितळलेलं लोखंड साच्यात उतरताना एकदा डोळ्यांनी बघू द्या. भंगाराचा धंदा करणाऱ्या भावांना विनंती आहे, की तुमच्या संघटनेच्या वर्गणीतून दरवर्षी एका मुलाची किंवा मुलीची या शाखेची फी भरा, आणि त्याच्या सुट्टीत त्याला दुकानावर बसवा. तो तुमच्याकडून ठिणगी शिकेल, तुम्ही त्याच्याकडून नियम शिका.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी फोन तुम्ही करा, वडिलांना करू देऊ नका. मी आधी एवढंच विचारीन, की तुमच्या घरात कुणाचा हात कशावर चालतो: लोखंडावर, काचेवर, प्लास्टिकवर, सुतावर? आणि ती वस्तू तशीच का वागते हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का? पडला असेल, तर जागा सोडू नका.